मुलींच्या खोल्या बंद करून लग्नं लवकर होणार नाहीत : तालुका संघाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
तालुका संघ, मुंबई.

स.न.वि.वि.

कोकणातल्या आपल्या तालुक्यातून मुंबईत आलेल्यांचा हा संघ. त्याच्या कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त गेल्या आठवड्यात संघाच्या व्हॉट्सॲप गटावर आलं. त्यातले दोन ठराव वाचून हे पत्र लिहायला बसले आहे. पहिला ठराव असा, की लालबागच्या इमारतीत नोकरी करणाऱ्या मुलींसाठी ठेवलेल्या खोल्या मे अखेरीस रिकाम्या करून घ्यायच्या आणि तिथे समारंभासाठी हॉल करायचा. दुसरा, यंदाच्या वधू-वर मेळाव्यात तीस वर्षांवरच्या मुलींची नोंदणी घ्यायची नाही. मुलांसाठी हीच मर्यादा अडतीस ठेवली आहे. दोन्ही ठरावांखाली कारण एकच लिहिलंय : मुंबईत एकट्या राहिल्यामुळे आपल्या मुलींची लग्नं लांबत आहेत.

हे पत्र बंद पाकिटातून पाठवता आलं असतं. पण त्या खोल्यांत राहणाऱ्या मुली, त्यांचे गावाकडचे आईवडील आणि मुंबईतल्या इतर गावमंडळांची माणसं, या सगळ्यांचा हा प्रश्न आहे. असेच ठराव आणखी कुठे कुठे शिजत असतील, म्हणून उघड लिहिते.

तुमच्यातले निम्मेअधिक मला ताई म्हणतात. मी संघाची आजीव सभासद आहे आणि नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या खोल्यांची देखरेख करते, बिनपगारी. नव्या मुलीला सोडायला आईवडील येतात तेव्हा त्यांचा चहा माझ्याकडे होतो. जाताना आई हमखास एकच वाक्य बोलते, "ताई, हिला तुमच्या ओटीत घातली." तुम्ही ठराव केलात तो या शब्दावर घाला घालणारा आहे, आणि मला न विचारता केलात. ज्या मुली तिथे राहतात त्यांनाही विचारलं नाही. कार्यकारिणीत एकही बाई नाही, तेव्हा विचारायचं तरी कोणी?

लग्न लांबणं ही माझ्यासाठीही हलकी गोष्ट नाही. पण लग्नं मुंबईतल्या खोलीमुळे लांबतात, हे तुमचं निदान चुकलेलं आहे. घर सोडून पोटासाठी दुसरीकडे गेलं की माणसाच्या लग्नाचं वय हलतं, हे खरं. ते कधी खाली येतं, कधी वर जातं. कुठे राहायला मिळतं, घरी किती पैसे पाठवावे लागतात, परतायला कधी मिळतं, यावर ते ठरतं. हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे, आणि तुमच्या घरांतही तेच झालं आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आजीने आधी त्यांचं लग्न लावलं आणि मगच त्यांना बोटीत बसवलं. ते वीस वर्षांचे, आई सोळाची. मुलगा मुंबईत हरवू नये, मनिऑर्डर चुकू नये, आणि म्हातारीला शेतात हात मिळावा, हा त्यामागचा हिशेब. वडील भाऊच्या धक्क्यावर उतरून लालबागला गावकीच्या, म्हणजे गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या, खोलीवर आले. तिथे पाळीप्रमाणे झोपायचं, जेवायचं खाणावळीत, आणि बायको गावाला. नवराबायकोची भेट शिमग्याला नाहीतर गणपतीला, आणि रजा मिळाली तर मे महिन्यात. म्हणजे मुंबईला जायचं होतं म्हणून त्यांचं लग्न लवकर झालं.

हे आमच्या एकट्याच्या घरचं नव्हतं. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला उभी करायला घेतली, आणि पुढच्या शंभर वर्षांत गिरण्यांना माणसं पुरवण्यात जुना रत्नागिरी जिल्हा कायम पुढे राहिला. सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता, वेगळा झाला तो १९८१मध्ये. १९११ आणि १९२१च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा बायका नव्हत्या. त्या आपल्या गावात भात लावत होत्या, सासूसासऱ्यांचं करत होत्या. २०११च्या जनगणनेतही मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ बायका, उपनगर जिल्ह्यात ८६०, आणि रत्नागिरीत ११२२. घरटी एक पुरुष मुंबईला दिला, त्याचा हा आकडा आहे.

मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. माझा मोठा भाऊ बदली कामगार होता, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हाच त्याला काम मिळायचं. त्याची सोयरीक ठरलेली होती. सहा महिने मुलीकडचे थांबले, मग त्यांनी निरोप पाठवला. त्यांना मी आजही दोष देत नाही. भावाचं लग्न व्हायला पुढे सदतिसावं वर्ष उजाडलं. मी टायपिंगच्या परीक्षा देऊन एका कार्यालयात चिकटले होते आणि घरात तेवढाच एक पगार येत होता. माझ्या लग्नाचा विषय निघाला की आई उठून चुलीपाशी जायची. मी एकतिसाव्या वर्षी बोहल्यावर चढले. ते स्थळ आपल्याच संघातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आणलं होतं. मुलीचं वय फार झालं म्हणून त्यांनी वडिलांना परत पाठवलं नाही. आज मी मेळाव्याचा फॉर्म भरायला आले असते, तर तुमच्या नव्या नियमाने टेबलावरच नाकारली गेले असते.

आता या खोल्यांतल्या मुलींकडे येते.

आपल्याकडे बाई मुंबईला यायची ती लग्न होऊन. देशभरच्या जनगणनेतही बायकांनी गाव सोडण्याचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच नोंदलेलं आहे, पुरुषांचं मात्र काम. या मुलींनी तो क्रम उलटा केला. आधी मुंबई, आधी नोकरी, लग्न त्यानंतर. चिपळूणला किंवा रत्नागिरीला शिकायचं, बाविसाव्या वर्षी इथे यायचं, पहिली दोन वर्षं प्रशिक्षणार्थी म्हणून अर्ध्या पगारावर काढायची, मग कुठे कायम व्हायचं. पंचविशी तिथेच उलटते. यात मुलीने लग्न टाळलेलं नसतं. तिच्या आजीला मुंबई सासरबरोबर मिळाली, हिला ती स्वतः कमवावी लागते.

त्याच्यापुढे जो उशीर होतो तो कशाने होतो, हे मी जवळून पाहते. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, आता इथे सांगते.

सर्वांत मोठं कारण घरी जाणारा पैसा. आमच्या खोल्यांतली बहुतेक प्रत्येक मुलगी पगाराच्या दिवशी गावी पैसे पाठवते. भावाची फी, घरावरचा स्लॅब, वडिलांचं औषधपाणी, मोठ्या बहिणीच्या लग्नात काढलेलं कर्ज. एका मुलीला तीन वर्षांत चांगली स्थळं आली. प्रत्येक वेळी घरून काहीतरी खुसपट निघालं : घराणं बरोबर नाही, अंतर फार आहे, यंदा नको. एका रात्री ती माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "मावशी, माझं लग्न झालं की पैसे बंद होतील, याची त्यांना भीती आहे. ते तसं बोलत नाहीत, पण मला कळतं." ही भीती खोटी नाही. लग्नानंतर मुलीने माहेरी पैसे पाठवायचे की नाही, यावर आपल्या समाजात अजून मोकळेपणी बोलणंच होत नाही. वधू-वर मेळाव्याच्या मंचावरून हा विषय एकदा जरी निघाला असता, तरी दोन-चार लग्नं आधी जमली असती असं मला खात्रीने वाटतं. मुलगा आईवडिलांना पोसतो ते कर्तव्य, आणि मुलगी पोसते ती अडचण, असं कसं चालेल?

दुसरी गोष्ट स्थळ शोधण्याची. गावात ते काम मामा, आत्या, भावकी करायची. मुलगी कशी आहे, हे सांगायला सगळी वाडी होती. मुंबईत आलेल्या मुलीला ओळखणारं कोण? तिच्याकडे रविवार एकच, तोही पाळीत गेला तर तोही नाही. बघण्याचा कार्यक्रम ठरतो गावी. त्यासाठी शनिवारची रजा, रात्रीची गाडी, सकाळी पोहे, दुपारी परतीचा प्रवास, सोमवारी सकाळी कामावर. वर्षातून अशा किती रजा मागणार? आणि मुलगा असतो बदलापूरला किंवा विरारला, इथून तास-दीड तासावर. दोघंही मुंबईत, आणि भेटायला दोघांनी तीनशे किलोमीटर जायचं. यात वर्षं जातात.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलते. मुंबईत एकटी राहिलेली मुलगी म्हटलं की समोरचे विचारतात, कुठे राहत होती, कोणाबरोबर, रात्री किती वाजता यायची. हा प्रश्न मुलाला कोणी विचारत नाही. आमच्या मुलींना त्यावर एक भक्कम उत्तर होतं : संघाच्या खोलीत. या दोन शब्दांवर सोयरिकी जमल्या आहेत. आईवडिलांनी निश्चिंत होऊन मुलीला पाठवलं ते या नावावर. तुम्ही हा आधार काढून घेताय आणि वर म्हणताय की लग्नं लवकर व्हावीत. खोल्या बंद झाल्या तर मुली गावी परतणार नाहीत. त्या घणसोलीला, मालाडला, मिळेल तिथे पीजीत एका खोलीत चौघी-पाचजणी राहतील, पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालवतील, आणि लग्नासाठी साठवायचं राहील ते आणखी मागे पडेल. ज्या एक-दोन परततील त्यांचं शिक्षण मातीत जाईल.

आता मुलांविषयी. तुमच्या ठरावात वयाची मर्यादा सोडली तर त्यांच्याविषयी काहीच नाही, आणि मेळाव्याच्या नोंदवहीत तर पस्तिशीच्या आसपासचे मुलगेच जास्त दिसतात. त्यांचीही लग्नं लांबली आहेत. ती कोणाच्या खोलीमुळे लांबली?

तुमच्या फॉर्मवर नाव, जन्मतारीख यांच्यानंतर लगेच रकाना आहे : मुंबईत स्वतःचे घर आहे / नाही. मेळाव्याला आलेले पालक तो रकाना आधी बघतात आणि "नाही" दिसलं की पान उलटतात. साध्या खासगी नोकरीतल्या मुलाने मुंबईत स्वतःचं घर कोणत्या वयात घ्यावं अशी अपेक्षा आहे? त्याचे वडील गिरणीतून रिकाम्या हाताने बाहेर पडले, चाळीतल्या खोलीत भाऊ-भावजय आहेत, आणि हा माळ्यावर झोपतो. भाड्याने घ्यायचं म्हटलं तर डिपॉझिट, एका महिन्याचं भाडं दलाली, अकरा महिन्यांचा करार, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. त्यात कितीतरी सोसायट्यांत एकट्या मुलाला आणि एकट्या मुलीला घरच देत नाहीत, "फक्त फॅमिली" म्हणतात. म्हणजे लग्न झाल्याशिवाय घर नाही, आणि घर असल्याशिवाय लग्न नाही. या कोंडीत आपली मुलं पंचविशीपासून पस्तिशीपर्यंत अडकून पडतात. संघाने ती सोडवायला हात लावायचा सोडून तीच कोंडी फॉर्मवर छापली.

आखातात आणि जहाजावर गेलेल्या मुलांचं वेगळंच. दोन वर्षांनी महिनाभराची रजा, त्यातच मुलगी बघायची, साखरपुडा करायचा, लग्न उरकायचं. तेवढ्यात नाही जमलं तर पुढची दोन वर्षं गेली.

आणि गावात राहिलेला मुलगा? कलमांची बाग आहे, घर आहे, गाडी आहे, आणि मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. आज लग्नाला आलेली पिढी साधारण २००१च्या जनगणनेत बाळं होती, आणि तेव्हा महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३च मुली होत्या. मुली आधीच कमी, आणि ज्या आहेत त्या गावात राहायला तयार नाहीत. त्या का तयार नाहीत, हे आपल्या पिढीने मान खाली घालून ऐकावं. त्यांनी आपल्या आया आणि आज्या पाहिल्या आहेत, ज्यांचं तरुणपण पत्रांची आणि मनिऑर्डरीची वाट बघण्यात गेलं. माझी आई अकरा वर्षं तशी राहिली, वडिलांना चाळीत खोली मिळेपर्यंत. कोणती मुलगी ते पुन्हा मागून घेईल? तरीही काही मुली गावी जायला तयार होतात. माझ्या माहितीतली एक आज आपल्या गावात नवऱ्याबरोबर आंबा-काजूचा धंदा बघते. तिने आधी चार वर्षं मुंबईत नोकरी केली होती आणि तिची अट एकच होती, हिशेब तिच्या हातात असेल. अशी लग्नं संघाने जमवावीत. त्यासाठी मेळाव्याचा फॉर्म गावातल्या मुलापर्यंत पोचायला हवा. तो आज फक्त मुंबईत मिळतो.

तुम्ही म्हणाल, ताई एकाच बाजूचं बोलतात, लवकर लग्न झालेलं काय वाईट? मग मराठवाड्याकडे बघा. दिवाळीच्या सुमाराला बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. तिथे नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. मुलगी वयात आली की आईबापांपुढे प्रश्न : सहा महिने हिला मागे कोणाजवळ ठेवायची? फडावर न्यायची तर तीही धोक्याची जागा. मग लग्न लावून टाकतात. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. तिथे कार्यकर्ते कशासाठी झगडतात? हंगामी वसतिगृहांसाठी. मुलीला राहायला सुरक्षित जागा मिळाली तर तिला घाईने उजवावं लागत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखलंय. आपल्याकडे अशी जागा आधीपासून आहे, आपल्याच वाडवडिलांनी वर्गणी काढून घेतलेली, आणि आपण ती बंद करतोय.

होय, सुरक्षित जागा असली की मुलगी थांबू शकते, हे मी कबूल करते. नको असलेल्या स्थळाला ती नाही म्हणू शकते. हे थांबणं तिचं स्वतःचं आहे, आणि त्यात समाजाने चिंता करण्यासारखं काही नाही. चिंता करायची ती दुसऱ्या थांबण्याची : जी मुलगी लग्न करू इच्छिते पण कर्ज फिटेपर्यंत थांबलेली आहे, जो मुलगा डिपॉझिट जमेपर्यंत थांबला आहे, त्यांची. तुमच्या ठरावाने स्वतःहून थांबलेल्या मुलीला शिक्षा होते आणि या अडकलेल्यांना काहीच मदत होत नाही. वय वाढलं की मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे मी मुलींना स्पष्ट सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या ऐकतात, डॉक्टरांनाही विचारतात. पण तीस उलटलेल्या मुलीसाठी मेळाव्याचं दार बंद केल्याने तिचं वय कमी होत नाही, तिचं लग्न तेवढं आणखी लांबतं. एवढी साधी गोष्ट सभेत एकालाही सुचली नाही याचं मला फार वाईट वाटलं.

कायद्याचंही सांगते. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीसाठी चौदा वर्षांची किमान मर्यादा घातली, १९७८मध्ये ती अठरा झाली, मुलांसाठी एकवीस. २०२१ साली मुलींसाठीही एकवीस करण्याचं विधेयक लोकसभेत आलं होतं, ते मंजूर न होताच लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं. या सगळ्या प्रवासात कायद्याने घातली ती खालची मर्यादा. वरची मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नाही. ती तुमच्या फॉर्मने घातली, आणि तीही मुलीला तीस व मुलाला अडतीस अशी.

लग्नाच्या खर्चाचा मुद्दा थोडक्यात मांडते, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. गाव सोडलेल्या माणसाला लग्न दोनदा करावं लागतं. हळद आणि लग्न गावी, कारण देव तिथे आहे, भावकी तिथे आहे. आणि मग मुंबईत स्वागत समारंभ, कारण शेजारी आणि कामावरची माणसं इथे आहेत. हा दुहेरी खर्च जमवण्यात वर्ष-दोन वर्षं जातात. हॉल हवा या तुमच्या म्हणण्यात म्हणूनच तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण हॉलसाठी तळमजल्यावरचं जुनं कार्यालय आणि त्यामागची गोदामाची खोली आहे. तिथे आज मोडक्या खुर्च्या आणि जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे आहेत. ती जागा मोकळी करा, मी स्वतः साफसफाईला येते. मुलींना बाहेर काढायची गरज नाही.

आता माझ्या मागण्या.

खोल्या रिकाम्या करण्याचा ठराव रद्द करावा, आणि तसं लेखी पत्र तिथे राहणाऱ्या प्रत्येक मुलीला व तिच्या पालकांना द्यावं. तीन मुलींनी दुसरीकडे जागा बघायला सुरुवातही केली आहे, म्हणून हे याच महिन्यात व्हायला हवं. खोल्या वाढवता येतात का हेही पाहावं. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे, आता ती सखी निवास या नावाने चालते. संघाला तिचा लाभ घेता येईल का, याची महिला व बालविकास विभागाकडे चौकशी करावी. अर्ज मी लिहून देईन.

मेळाव्यातली वयाची वरची मर्यादा काढावी, मुलींची आणि मुलांचीही. विधवा, घटस्फोटित यांच्यासाठी वेगळं रंगीत पान छापता, तेही बंद करावं. सगळ्यांची नोंद एकाच वहीत असावी.

फॉर्मवरचा "स्वतःचे घर" हा रकाना काढावा. त्याऐवजी दोघांनाही सारखेच प्रश्न विचारावेत : लग्नानंतर कुठे राहण्याचा विचार आहे, नोकरी चालू ठेवायची आहे का, आईवडिलांना पैसे पाठवावे लागतात का आणि लग्नानंतर पाठवणार का. शेवटचा प्रश्न मुलीच्या फॉर्मवर छापायला धीर लागेल. तो छापावाच.

बघण्याचे कार्यक्रम मुंबईत, संघाच्या कार्यालयात, महिन्यातल्या एका रविवारी ठेवावेत. ज्यांना गावचं स्थळ हवं आहे त्यांची यादी वेगळी करून ती गावच्या शाखांकडे पाठवावी आणि तिकडचे फॉर्म इकडे मागवावेत.

नव्याने लग्न झालेल्या सभासद जोडप्यांना भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, हप्त्याने परत घ्यावी. सत्कार, स्मरणिका आणि फलकांवर होणारा खर्च ताळेबंदात दिसतो आहे. त्यातून सुरुवात करता येईल. जुन्या गावकीच्या खोल्यांत नवीन आलेल्या माणसाला पहिला पगार होईपर्यंत खाणावळीचे पैसे मंडळी मिळून भरायची. हा निधी त्याच चालीचा आहे.

साधं लग्न करू पाहणाऱ्यांसाठी संघाचा हॉल नाममात्र भाड्याने द्यावा, आणि लग्नाच्या नोंदणीसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयात कोणते कागद लागतात ते सांगणारा एक माणूस ठेवावा. भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींना पत्त्याच्या पुराव्यापाशी अडायला होतं, तिथे मदत लागते.

आणि कार्यकारिणीत बायका घ्याव्यात. निदान दोन, त्यातली एक खोल्यांत राहणारी किंवा राहून गेलेली. तिच्याशिवाय हा विषय पुन्हा सभेपुढे घेऊ नये.

ठराव मांडणाऱ्यांच्या मनात काळजी आहे हे मी जाणते. तुमच्याही घरात तिशीतल्या मुली आणि पस्तिशीतले मुलगे आहेत. रात्री तुम्हालाही झोप लागत नसेल. म्हणूनच हा प्रश्न भांडून नाही, एकत्र बसून सोडवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेत हा विषय घ्यावा, अशी लेखी मागणी मी या पत्रासोबत सरचिटणीसांकडे देत आहे. वरील मागण्यांचा ठराव मी स्वतः मांडेन. अनुमोदन देणारे सभासद मिळाले आहेत आणि खोल्यांत राहून गेलेल्या, आता संसारात असलेल्या मुली सभेला येणार आहेत. त्यांना बोलायला वेळ द्यावा. सभा होईपर्यंत एकाही मुलीला खोली सोडण्याची नोटीस देऊ नये. दिलीत, तर खोल्यांच्या किल्ल्या मी परत करणार नाही.

कळावे,
आपली,
संघाची एक आजीव सभासद,
लालबाग, मुंबई.